जिन्याखालची वीज

२०२२ साली इलेक्ट्रिक दुचाकींच्या आगींनी देश हादरला, तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिल्या त्या रस्त्यावरच्या आगी होत्या. मार्चच्या शेवटी पुण्यात लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर बघता बघता पेटली आणि तिची चित्रफीत एक-दोन दिवसांत देशभर फिरली. पंधरवड्याने नाशिकजवळ नव्या स्कूटर घेऊन निघालेला कंटेनर पेटला, त्यातल्या वीस गाड्या जळाल्या. या दोन्ही घटनांत कुणी दगावले नाही. माणसे गेली ती कॅमेरा नव्हता तिथे. वेल्लोरला रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून बाप-लेकीचा अंत झाला. एप्रिलमध्ये निजामाबादला घरात चार्ज होणारी बॅटरी पहाटे फुटली आणि ऐंशी वर्षांचे आजोबा गेले. त्याच आठवड्यात विजयवाड्याला बेडरूममध्ये चार्जिंगला लावलेल्या बॅटरीने एकाचा बळी घेतला. सप्टेंबरमध्ये वसईत हॉलमध्ये चार्जिंगला ठेवलेली बॅटरी पहाटे फुटली. भाजलेला सात वर्षांचा मुलगा आठवडाभराने रुग्णालयात दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला तळाशी इलेक्ट्रिक स्कूटरची शोरूम आणि वर हॉटेल अशा इमारतीत रात्री आग लागली. धूर जिन्याने वर चढला आणि हॉटेलात उतरलेले आठ जण मृत्युमुखी पडले.

यातल्या गाड्या आणि कंपन्या वेगवेगळ्या होत्या, गावे वेगवेगळी होती. सारखी होती ती जागा आणि वेळ. छताखाली, रात्री, चार्जिंग चालू असताना आणि माणसे झोपलेली किंवा वरच्या मजल्यावर बेसावध असताना हे घडले. पुढच्या पानांतला सगळा विषय या एका निरीक्षणाभोवती फिरतो. बॅटरीच्या आगीकडे आपण वाहनाचा दोष म्हणून पाहतो. ते पाहायलाच हवे. पण तेवढेच पाहिले, तर ज्या खोलीत माणूस मेला ती खोली नजरेतून सुटते.

आधी आत काय घडते ते समजून घेऊ, कारण या आगीचा स्वभाव कळल्याशिवाय तिच्याबद्दलचा एकही नियम नीट करता येत नाही. दुचाकीच्या बॅटरीत लिथियम-आयनचे अनेक सेल एकत्र बांधलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि हे सगळे एका ज्वलनशील सेंद्रिय द्रावणात भिजलेले असते. मार लागला, पाणी शिरले, चार्जरने मर्यादेपलीकडे भरले किंवा कारखान्यातच धातूचा एखादा कण आत राहिला, तर सेल आतून तापू लागतो. साधारण शंभर अंशांच्या आसपास इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर मोडायला लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. एकशे तीस अंशांच्या सुमारास पडदा वितळू लागतो आणि दोन इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात. दोनशेच्या पुढे निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या सेलमध्ये इलेक्ट्रोडमधूनच ऑक्सिजन सुटतो. इथून पुढे बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. एक सेल शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. तंत्रज्ञ याला थर्मल रनअवे म्हणतात.

म्हणून ही आग झाकून विझत नाही. सोसायटीच्या भिंतीवर टांगलेले पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर ज्वाळा काही क्षण दाबतात, पण आतली उष्णता तशीच राहते आणि आग पुन्हा उफाळते. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. उपाय एकच, भरपूर पाणी आणि तेही बराच वेळ, म्हणजे सेल थंड होतील. पाणी टाकायचे नसते हा समज अजून फार पसरलेला आहे. चालू विजेच्या जोडणीवर पाणी टाकायचे नाही, हे खरेच. पण प्रवाह तोडल्यावर अग्निशमन दलाचे मुख्य साधन पाणीच असते. घरातल्या माणसाने मात्र बॅटरीशी झुंजत बसू नये. सगळ्यांना बाहेर काढावे, जाताना त्या खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा.

दार ओढायचे ते धुरासाठी. तापलेल्या सेलमधून ज्वाळेच्या आधी पांढुरका धूर येतो. त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, द्रावणाच्या वाफा असतात आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखा अत्यंत विषारी वायूही असतो. बंद खोलीत तो साठला आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. वेल्लोरला आणि सिकंदराबादला माणसांना मारले ते ज्वाळेपेक्षा धुराने.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचे सेल याबाबतीत बरे. त्यांना बिघडायला जास्त तापमान लागते आणि ते ऑक्सिजन जवळपास सोडत नाहीत. अलीकडे अनेक दुचाकी, रिक्षा आणि बस याच रसायनाकडे वळल्या आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण फॉस्फेट म्हणजे आग लागतच नाही, असे विक्रेत्याने सांगितले तर विश्वास ठेवू नये. वायू तिथूनही सुटतो आणि त्यात हायड्रोजनचे प्रमाण मोठे असते.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती न लिहिता या विषयावर बोलणे अप्रामाणिक ठरेल. इलेक्ट्रिक मोटारी पेट्रोलच्या मोटारींपेक्षा जास्त पेटतात, याला आधार नाही. स्वीडनच्या नागरी सुरक्षा यंत्रणेने २०२२ साली मोजदाद केली, तेव्हा तिथल्या सहा लाखांहून अधिक विजेवरच्या मोटारींपैकी २३ पेटल्या होत्या. इंधनावर चालणाऱ्या सुमारे ४४ लाख मोटारींमध्ये हा आकडा ३,४०० च्या घरात होता. पण त्याच मोजणीत इलेक्ट्रिक सायकली आणि छोट्या स्कूटरच्या आगी विजेवरच्या मोटारींच्या आगींपेक्षा संख्येने जास्त निघाल्या. मोठ्या गाडीची बॅटरी गाडीच्या तळाशी, भक्कम कवचात आणि बहुधा घराबाहेर असते. छोटी बॅटरी माणूस हाताने उचलून घरात आणतो. पेट्रोलचा डबा बिछान्याशेजारी ठेवून कुणी झोपत नाही. बॅटरी मात्र आपण ठेवतो, कारण ती मोबाइलसारखी वाटते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०२२ च्या आगींनंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तज्ज्ञ समिती नेमली. मंत्री नितीन गडकरी यांनी निष्काळजी कंपन्यांवर दंड आणि सदोष गाड्या परत मागवण्याचा इशारा दिला. समितीच्या शिफारशींवरून एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. ही वाहन मानके पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडून प्रसिद्ध होतात, म्हणजे देशभरच्या स्कूटरच्या सुरक्षेचा कागद आपल्याच राज्यातून निघतो. दुरुस्ती दोन टप्प्यांत लागू झाली, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. सेलमध्ये अंतर राखणे, जादा चार्ज आणि जादा तापमान ओळखून तोडणारी बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, पाणी न शिरणारे कवच, साठलेला वायू बाहेर सोडणारी झडप, धोक्याची सूचना देणारा आवाज आणि दिवा, तसेच एक सेल बिघडला तर संपूर्ण संच पेटतो की नाही याची चाचणी, असे बरेच काही त्यात आले. चांगले मानक आहे. त्यानंतर बाजारात आलेली गाडी आधीच्यापेक्षा सुरक्षित आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

मानकाची मर्यादा मात्र त्याच्या तारखेत आहे. त्याआधी विकलेल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. हमीची मुदत संपली की नवी मूळ बॅटरी गाडीच्या किमतीचा मोठा वाटा मागते. मग माणूस गल्लीतल्या दुकानात जातो. तिथे जुने सेल काढून दुसरे बसवले जातात. ते कुठून आले, एकसारख्या क्षमतेचे आहेत का, व्यवस्थापन प्रणालीशी जुळतात का, हे विचारणारा कुणी नसतो. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या दुचाकींना तर नोंदणीच लागत नाही. त्यामुळे त्या किती आहेत आणि कुणाच्या जिन्याखाली उभ्या आहेत, याची आरटीओकडे नोंद नाही. घरपोच जेवण आणि सामान पोहोचवणारी मुले अशा गाड्या भाड्याने घेऊन दिवसभर पळवतात आणि रात्री एका खोलीत तीन-चार बॅटऱ्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावतात. या मुलांच्या खोलीपर्यंत कुठलेही राष्ट्रीय मानक पोहोचत नाही. तिथे पोहोचू शकते ती महापालिका, नगरपरिषद, वीज कंपनीचा वायरमन आणि शेजारी.

आणि इथेच स्थानिक धोरणाचा प्रश्न येतो. महाराष्ट्राने या बाबतीत उत्साह दाखवला आहे. २०१८ साली पहिले इलेक्ट्रिक वाहन धोरण आले, २०२१ साली दुसरे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले नवे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत चालणार आहे आणि त्यासाठी सुमारे दोन हजार कोटींची तरतूद आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी, खरेदीवर सवलत, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन. पुण्यात पीएमपीएमएलच्या इलेक्ट्रिक बस २०१९ पासून धावत आहेत. हे सगळे हवेच आहे. सिग्नलवर थांबलेल्या डिझेल गाडीचा धूर ज्याने मुलाला कडेवर घेऊन गिळला आहे, त्याला ते का हवे हे सांगावे लागत नाही.

पण महामार्गावर दर २५ किलोमीटरला उभे राहणारे स्टेशन मोटारवाल्यासाठी आहे. दुचाकीवाला चार्जिंग करतो ते घरी. त्याचे घर चाळीत, वाड्यात, गावठाणात किंवा तीस वर्षे जुन्या चार मजली सोसायटीत असते. तिथली वायरिंग दोन पंखे, चार दिवे आणि एक फ्रिज धरून केलेली. अर्थिंग बऱ्याचदा नावालाच. प्लग पाच अँपिअरचा, त्यात लावलेला एक्स्टेंशन बोर्ड गरम होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. इमारतीचे सगळे मीटर जिन्याखाली, त्यांच्यासमोर दुचाकी उभ्या आणि वर जायला-यायला तोच एक जिना. अशा जागी आग लागली तर ती बॅटरीने लागली की वायरने, याचा शोध नंतर लागतो. वरची माणसे अडकलेली असतात ती धुराने भरलेल्या त्याच जिन्यामुळे.

यावर अनेक सोसायट्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मनाई. परवानगी नाही, जोडणी नाही, विषय संपला. मी या भीतीला नावे ठेवत नाही. पदाधिकारी बिनपगारी काम करतात आणि उद्या काही झाले तर पोलीस त्यांच्याच दारी येतात. पण मनाईने गाडी नाहीशी होत नाही. सभासद बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर नेतो, किंवा खिडकीतून वायर खाली सोडतो. जी गोष्ट आवारात उघड्यावर, स्वतंत्र वायरवर आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाली असती, ती आता बंद दाराआड होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात इंचॉन इथल्या एका वसाहतीच्या तळघरात उभी असलेली इलेक्ट्रिक मोटार पेटली आणि शंभराहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. पुढे इलेक्ट्रिक गाड्यांना तळघरबंदीच्या मागण्या झाल्या. तपासात मात्र हेही पुढे आले की आग लागल्यावर तळघरातले पाण्याचे फवारे चालूच झाले नव्हते, कारण एका कर्मचाऱ्याने ती यंत्रणा बंद केली होती. आपल्याकडे २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली इमारतीची अग्निरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते प्रमाणपत्र खरोखर तपासणी करून दिले जाते का, हा प्रश्न बॅटरीपेक्षा जुना आहे आणि बॅटरीने तो जास्त तातडीचा केला आहे.

मनाईला पर्याय काय, याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये काही प्रमाणात सापडते. तिथे जेवण पोहोचवणाऱ्यांच्या ई-सायकलींनी शहराला घोर लावला होता. २०२३ साली लिथियम बॅटरीच्या २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे मेली. शहराने स्वतःचा कायदा केला. प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या आणि ई-सायकली विकायला सप्टेंबर २०२३ पासून बंदी आली, दुकानांवर छापे पडले आणि काही ठिकाणी रस्त्याकडेला उघड्यावर बॅटरी भरण्याची सोय करून पाहिली गेली. घराघरांत जाणीव करून देण्याचे काम अग्निशमन दलाने अंगावर घेतले. पुढच्या वर्षी आगींची संख्या जवळपास तेवढीच राहिली, २७७. मृत्यू मात्र १८ वरून ६ वर आले. आगी घराबाहेर जास्त आणि घरात कमी लागू लागल्या होत्या. या दोन आकड्यांपाशी मी वाचकाला थोडे थांबायला सांगेन. बॅटरी पूर्ण निर्दोष होण्याची वाट न पाहता, फक्त तिची जागा बदलून माणसे वाचवता येतात.

जागेबरोबर वेळही बदलता आली तर? स्वच्छ ऊर्जा आणि अग्निसुरक्षा या दोन खात्यांची गाठ इथे पडते, पण एकत्र बैठकीत ती फारशी दिसत नाहीत. आपण रात्री गाडी चार्ज करतो तेव्हा ती वीज मुख्यतः चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशा ठिकाणच्या कोळशाची असते. सौर वीज दुपारची. स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली ती त्यामुळेच. म्हणजे जी वीज स्वच्छ आणि स्वस्त, तीच भरण्याची वेळ सुरक्षितही आहे. माणसे जागी असतात, धूर दिसतो, वास येतो, अग्निशमनची गाडी लवकर बोलावता येते.

अडचण एवढीच की दुपारी गाडी घरी नसते. ती कुठे असते ते डोंबिवली, वसई, बदलापूरच्या स्टेशनाबाहेर जाऊन पाहावे. सकाळी माणूस दुचाकी वाहनतळावर लावतो, लोकल पकडतो आणि रात्री परततो. आठ-दहा तास ती गाडी उन्हात उभी असते. त्या वाहनतळांवर सौर पत्र्यांचे छप्पर आणि खाली अर्थिंग असलेले, स्वतंत्र एमसीबीचे सॉकेट दिले तर काय होईल? गाडी सावलीत राहील, कोळशाऐवजी उन्हावर भरेल आणि रात्री बॅटरी घरात आणायचे कारण उरणार नाही. चाकण आणि हिंजवडीतले कारखाने-कार्यालये, तालुक्याचे बाजार, महाविद्यालये आणि सरकारी कचेऱ्या यांच्याबाबतही हेच करता येईल. २०१९ साली केंद्राने आदर्श इमारत उपविधींत पार्किंगच्या २० टक्के जागेत चार्जिंगची तयारी ठेवण्याची तरतूद घातली, ती नव्या इमारतींसाठी. जुन्या शहराला मात्र वाहनतळच सोडवणार. आता धोरणातला पैसा खरेदीच्या सवलतीवर कमी आणि अशा जागांवर जास्त जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी आता आपल्या गुणांवर विकली जाते. सुरक्षित सॉकेट मात्र बाजार आपणहून उभा करणार नाही.

पुढच्या प्रकरणांत सेलच्या रसायनापासून सोसायटीच्या ठरावापर्यंतचे टप्पे येतील. वाचकाने ती क्रमाने वाचलीच पाहिजेत, असे नाही. ज्याच्या घरात गाडी आहे त्याने आधी चार्जिंगचे प्रकरण वाचावे: उन्हातून आलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला का लावू नये, कंपनीचाच चार्जर का वापरावा, फुगलेली किंवा पडलेली बॅटरी कुठे द्यावी. कोकणातल्या आणि कृष्णा-पंचगंगेकाठच्या वाचकांनी पुरात बुडालेल्या गाडीविषयीची पाने चुकवू नयेत. २०२२ साली फ्लोरिडात चक्रीवादळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर पेटल्या होत्या. चिपळूणने जुलै २०२१ मध्ये जो पूर पाहिला, तसा पुन्हा आला तर तेव्हापेक्षा कितीतरी जास्त बॅटऱ्या पाण्याखाली असतील. बुडालेली गाडी सुकली म्हणून चार्जिंगला लावू नये. ती इमारतीपासून दूर उघड्यावर ठेवावी आणि तज्ज्ञाला दाखवावी.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि सभासदांना मात्र वेगळी विनंती आहे. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर 'विद्युत वाहन चार्जिंग' हा विषय लिहून घ्या. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून इमारतीचा भार तपासून घ्या, आवारात जिन्यापासून आणि मीटरपासून दूर एक जागा ठरवा आणि तिथपर्यंत स्वतंत्र वायर, अर्थिंग आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच यांचा खर्च मंजूर करा. इमारतीत गाडी असलेला एकच सभासद असला तरी करा. जिन्याखालच्या दुचाकी त्याच आठवड्यात बाहेर काढा.